माझं काम भाच्याच्या नावावर

काकांनी मला फसवलं. माझं तीन वर्षांचं काम त्यांनी कागदावर स्वतःच्या भाच्याला देऊन टाकलं, आणि तेही माझ्या हातात आता काहीच पुरावा नाही याची खात्री करून घेतल्यावर. हे मी आधीच लिहून टाकते, कारण आमच्या मराठी मंडळात हा विषय निघाला की कोणीतरी चहाचा कप खाली ठेवतं आणि म्हणतं, "अगं, प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात." असतील. दुसरी बाजू ऐकायला मी स्वतः विमानाने गेले होते. ती काय निघाली तेही सांगते.

काका माझे कोणी लागत नाहीत. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला त्यांची लहानशी कन्सल्टिंग कंपनी होती. पुण्या-नागपुराकडची आमच्यासारखी माणसं व्हिसावर आणायची आणि मोठ्या कंपन्यांकडे कामाला लावायची, हा त्यांचा धंदा. एका ड्राय क्लीनरच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. व्हिसाचे कागद, माणसांचे रुसवेफुगवे, नव्याने आलेल्यांचं पहिल्या आठवड्याचं जेवण हे सगळं काकू बघायच्या. 'सर' म्हटलेलं काकांना खपत नसे. "सर ऑफिसात असतात, आपण घरचे," म्हणायचे. मी नवीन होते, मला ते फार गोड वाटलं. घरच्या माणसाने कागद मागितला की तो अपमान होतो, हे तेव्हा कळायचं होतं.

२००१ साली मी आले आणि त्यांनी मला एका विमा कंपनीत लावलं. लोकांनी मागितलेली भरपाई मंजूर करायची त्यांची जुनी प्रणाली नव्या मशीनवर आणायची होती. आमचा टीम लीड काही महिन्यांतच दुसरीकडे गेला. तिथल्या मॅनेजर, एक उंच, कमी बोलणाऱ्या अमेरिकन बाई, त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुला जमेल का? मी जमेल म्हटलं, आणि जमवलं. पुढची जवळजवळ तीन वर्षं त्या प्रकल्पाची लीड मी होते. काकांचा भाचा तेव्हा आमच्याच टीममध्ये टेस्टिंगला होता. मुलगा वाईट नव्हता. मला ताई म्हणायचा, आणि दुपारनंतर सापडायचा नाही.

२००४ मध्ये मला शिकागोच्या एका कंपनीने थेट नोकरी दिली आणि आम्ही नेपरव्हिलला आलो. काकांना राग आला. तरी जाताना मी त्यांच्याकडून अनुभवाचं पत्र घेतलं, भांडून घेतलं. मसुदा माझाच होता. कधीपासून कधीपर्यंत, कुठे, काय काम, किती काळ लीड, सगळं मी लिहून नेलं आणि त्यांनी लेटरहेडवर छापून सही केली. सही करताना म्हणाले, "तुझी आई नक्की कापडच विकायची ना? मला तर वकील वाटते."

आई साड्या विकायची. अमरावतीत, दारोदार, हप्त्याने. गाठोड्याचं एक टोक माझ्या डोक्यावर असायचं. भाव कसा करायचा ते मी शाळेत जायच्या आधी शिकले. आईचा एकच नियम होता: आपली गरज पदराखाली ठेवायची. आज साडी विकली नाही तर संध्याकाळी काय शिजेल, हे गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं की भाव तिथेच पडला. त्या नियमावर मी शिकले, नोकऱ्या मिळवल्या, या देशात आले. कारच्या दुकानातले लोक मला बघून मॅनेजरला बोलावतात. आयुष्यात एकदाच तो नियम मी मोडला, आणि तो काकांसमोर, कारण आपल्या माणसाशी कोणी भाव करत नाही.

हे पत्र कशासाठी हवं होतं, ते आधी सांगते. माझा नवरा सिव्हिल इंजिनिअर आहे. विदर्भात त्याने बांधलेले दोन पूल अजून उभे आहेत. माझ्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला इथे काम करायची परवानगी नसते. तो घरी बसला. पहिल्या वर्षी पोळ्या शिकला, दुसऱ्या वर्षी गाडी दुरुस्त करायला. मग बोलायचा कमी झाला. नेपरव्हिलला स्टेशनच्या वाटेवर नदीवरचा जुना पूल पाडून नवा बांधायला घेतला, तेव्हा तो रोज मला सोडून परत येताना तिथे थांबायला लागला. कुंपणाबाहेर उभा राहायचा, खिशात हात घालून. एकदा त्याने तिथल्या फोरमनला हाक मारून सांगितलं की त्या कोपऱ्यातल्या फळ्यांचा टेकू कमी पडतोय, काँक्रीट ओतलं की सरकेल. फोरमनने वाकून पाहिलं आणि काम थांबवलं. त्यानंतर तो याला कॉफी द्यायला लागला. पुढे एकदा विचारलं, आमच्याकडे येतोस का? नवऱ्याने त्याला व्हिसाचं समजावून सांगितलं. घरी येऊन मला एवढंच म्हणाला, "त्याला वाटलं मी थट्टा करतोय."

माझं ग्रीन कार्ड पुढे सरकलं असतं, तर त्याला कामाची परवानगी मिळाली असती. आमचं सगळं त्यावर अडलं होतं.

२००६ च्या उन्हाळ्यात वादळात वीज गेली, बेसमेंटमधला पाण्याचा पंप बंद पडला आणि आम्ही जागे होईस्तोवर खालची खोली घोट्यापर्यंत भरली. फाइल सर्वांत खालच्या खोक्यात होती. पदवी प्लास्टिकमध्ये होती, ती वाचली. अनुभवाच्या पत्राची शाई पसरून कागद निळसर झाला, काकांची सही तेवढी पुसट दिसत होती. झेरॉक्स होती, पण ती मूळ कागदाच्या मागेच लावलेली. आता विचारतात, दोन ठिकाणी का नाही ठेवलीस? विचारा. त्यांच्या घरी सगळं दोन ठिकाणी असेल.

त्याच वर्षी शरद ऋतूत माझ्या कंपनीने ग्रीन कार्डचं काम सुरू केलं. वकिलाला आधी जुन्या मालकाचं पत्र हवं होतं, कारण अर्जातल्या जागेसाठी लीड म्हणून केलेल्या कामाचाच अनुभव लागत होता. मी म्हटलं, त्यात काय, काकांच्या कॉम्प्युटरवर ते पत्र असेलच. पुन्हा छापायचं, सही करायची. मी फोन केला. आणि इथे मी, आईची मुलगी, सगळं सांगून बसले. पाणी शिरलं, पत्र गेलं, झेरॉक्सही गेली, माझ्याकडे आता काही म्हणजे काही नाही, आणि वकील थांबलाय.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दोन्ही गेली?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन्ही. "अरेरे. देतो की. तुला नाही तर कोणाला देणार?"

मग दिवाळी गेली. काकू म्हणायच्या, काका भारतात गेलेत. काका म्हणायचे, लेटरहेड संपलंय. मग जुना कॉम्प्युटर बिघडला. मी म्हटलं, मसुदा मी पुन्हा पाठवते, तुम्ही फक्त सही करा. तर म्हणाले, "अगं, तू घरची. तू इतकी घाई केलीस की मला परकं वाटतं." नवरा म्हणाला, जाऊ दे, देतील ते. त्याने माणसांवर विश्वास ठेवायची सवय अजून सोडलेली नव्हती. मी तोपर्यंत वकिलाला बाजूला घेऊन एक गोष्ट विचारून ठेवली होती: मालक पत्र देतच नसेल तर? वकील म्हणाला, मग सोबत काम केलेल्या वरिष्ठांचं शपथपत्र चालू शकतं. पण मालकाने कमी दर्जाचं पत्र दिलं आणि ते तुम्ही घेतलंत, तर मग इतर कोणी काहीही लिहून दिलं तरी उपयोग नाही. अर्धं पत्र हे पत्र नसण्यापेक्षा वाईट. हे वाक्य मी खिशात ठेवलं आणि जानेवारीत न्यू जर्सीला काकूंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला न बोलावता गेले.

काकूंचं घर बायकांनी भरलं होतं. दारात बुटांचा ढीग, आत काळ्या साड्या. मला बघून काकूंचा हात हळदीच्या वाटीवर थांबला, पण लगेच त्यांनी मला जवळ घेतलं, कुंकू लावलं, तिळगूळ हातावर ठेवला आणि गोड बोल म्हणाल्या. मी म्हटलं, बोलते, पण आधी पत्र. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे वाणाचे प्लास्टिकचे डबे रचून ठेवले होते. एकेक डबा पुसत त्या माझ्याशी बोलत होत्या, जणू मी पापडाचं प्रमाण विचारायला आले होते.

"अगं, तुला काकांनी सांगितलं नाही का? ते काम आता भाच्याच्या पत्रात गेलंय. त्याचाही अर्ज करायचा होता ना. लीड तर एकच असतो. एकच पाटली दोघींच्या हातात कशी घालायची, सांग बरं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी त्यांना विचारलं, कधी दिलं? त्या सहज म्हणाल्या, तुझा फोन आला होता ना, त्यानंतरच.

"काकू, पाटली माझी होती," मी म्हटलं. "तुमच्याकडे फक्त ठेवायला दिली होती."

"असं तोडून बोलू नये गं सणाच्या दिवशी," काकू म्हणाल्या आणि पुढचा डबा पुसायला घेतला. त्यांना खरंच वाटत होतं की मी उद्धटपणा करतेय. आजही वाटतं. मंडळातल्या बायकांना त्यांनी तेवढंच सांगितलंय, की मी हळदीकुंकवाला येऊन भांडले.

काका खाली बेसमेंटमध्ये होते. त्यांच्या बेसमेंटमध्ये गालिचा आहे, पाणी शिरत नाही. क्रिकेटची जुनी मॅच लावून बसले होते. मला बघून आवाज कमी केला, बंद नाही केला. मी विचारलं, हे खरं आहे का? त्यांनी नाही म्हटलं नाही, तेवढं त्यांच्या बाजूने लिहिते.

"तुला काय कमी आहे?" ते म्हणाले. "तू हुशार. तुझं कुठेही होईल. त्याचं काय झालं असतं? बहिणीला मी काय तोंड दाखवलं असतं? आणि तू आम्हाला सोडून गेलीस. तो राहिला."

म्हणजे तीन वर्षं मी केलेलं काम हे कंपनीत राहण्याचं बक्षीस होतं, आणि जो राहिला त्याला ते मिळालं. त्यांच्या धंद्यात असंच चालतं. एकाच्या रेझ्युमेतला परिच्छेद उचलून दुसऱ्याच्या रेझ्युमेत लावायचा, क्लायंटला काय कळतं? वरण पातळ झालं की डाळीचा एक वाडगा दुसऱ्या पातेल्यातून घ्यायचा. तोवर मी त्याला हसत होते, कारण तोवर माझं पातेलं कोणी उचललं नव्हतं.

मग आम्ही भाव केला. हो, भाव. मी म्हटलं, दोघांनाही लीड लिहा, आधी मी, नंतर तो. ते म्हणाले, त्याच्या पत्रात सगळ्या तारखा गेल्यात. मी म्हटलं, मग त्याचं पत्र मागे घ्या. ते म्हणाले, अर्ज गेलाय. आणि एकाच कंपनीकडून एकाच खुर्चीवर दोन माणसं दाखवली, तर सरकार कंपनीकडे बघेल. मी म्हटलं, बघू दे. त्यावर ते उठले, टेबलाच्या खणातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. छापून, सही करून तयार होतं. लेटरहेड संपलेलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, मी प्रकल्पात प्रोग्रॅमर होते आणि प्रमुखाला साहाय्य केलं. प्रमुख म्हणजे कोण, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

"हे घे आणि काम भागव," काका म्हणाले. "आपल्या माणसांत ताणायचं नसतं."

मी ते पूर्ण वाचलं, घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि पाकीट त्यांच्या टीव्हीवर ठेवून निघाले. वर बायका उखाणे घेत होत्या. तिळगूळ माझ्या मुठीत वितळला होता, विमानात बसेपर्यंत हात चिकट राहिला.

तक्रार का नाही केलीस, असं अनेकांनी विचारलं. विचारणाऱ्यांतला एकही काकांमार्फत आलेला नव्हता. तक्रार केली असती, तर त्या कंपनीतून आलेल्या प्रत्येकाची फाइल उघडली असती. जी पोरं तेव्हा हर्नडनला आणि कुठे कुठे क्लायंटकडे बसून प्रामाणिकपणे काम करत होती, ज्यांच्या रेझ्युमेत काकांनी स्वतःच्या हाताने खोट्या अनुभवाचं मीठ घातलं होतं, ती आधी घरी गेली असती. काका अमेरिकन नागरिक. त्यांना दंड झाला असता, आणि तो त्यांनी उरलेल्या पोरांकडून वसूल केला असता. मी हिशेब केला आणि गप्प बसले. याचा अर्थ मी माफ केलं, असा कोणी लावू नये.

मग त्या विमा कंपनीतल्या बाईंचा शोध सुरू झाला. त्या निवृत्त होऊन दुसऱ्या राज्यात गेल्या होत्या. जुन्या टीममधल्या कोणाकोणाला फोन केले, अर्ध्यांचे नंबर बदललेले. वसंत सरत आला तेव्हा त्यांचा पत्ता लागला. फोनवर मी नाव सांगितलं, तर त्यांनी पहिलं हे विचारलं की ती प्रणाली अजून चालते का. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी फार काही विचारलं नाही. वकिलाने पाठवलेला मजकूर वाचला, त्यात स्वतःच्या हाताने एक वाक्य वाढवलं की हे काम या बाईशिवाय पूर्ण झालं नसतं, नोटरीपुढे सही केली आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं. त्या बाईंनी मला कधी घरची म्हटलं नव्हतं. त्यांच्या घरात मी पाऊल टाकलेलं नाही. एका दुपारचं काम होतं. काकांनाही ते एका दुपारीच करता आलं असतं.

अर्ज जूनमध्ये गेला. पण पहिल्या टप्प्याची मंजुरी यायला काही महिने लागतात. आणि त्याच उन्हाळ्यात, २००७ च्या जुलैत, ज्याची कोणी आशाही केली नव्हती ते झालं. सरकारने ग्रीन कार्डच्या रांगेतल्या सगळ्यांच्या तारखा एकदम खुल्या केल्या. ज्यांच्याकडे पहिल्या टप्प्याची मंजुरी होती, त्यांनी त्या काही आठवड्यांत पुढचा अर्ज भरला. कार्ड हातात यायला वर्षं लागली असती, पण अर्ज भरल्यावर थोड्याच महिन्यांत नवराबायको दोघांनाही कामाची परवानगी मिळणार होती. आमच्या ओळखीतलं सगळं नेपरव्हिल डॉक्टरांकडे तपासणीच्या रांगेत उभं होतं. गावाकडे भाऊ-मेहुण्यांना जन्मदाखल्यांसाठी नगरपालिकेत पळवत होतं. मी रोज वकिलाला फोन करत होते. नवरा काही विचारत नव्हता, पण माझा फोन चालू असला की तो खोलीबाहेर जाऊन उभा राहायचा. ऑगस्टच्या मध्यावर दार बंद झालं. माझी मंजुरी सप्टेंबरात आली. काकांनी आदल्या शरद ऋतूत, किंवा दिवाळीत, किंवा अगदी संक्रांतीलाही खरं पत्र दिलं असतं, तर आम्ही त्या दारातून आत असतो.

भाचा मात्र आत होता. दिवाळीला त्याने मला फोन केला. ताई, बायकोला बँकेत नोकरी लागली, तुमचा आशीर्वाद असू द्या, म्हणाला. मी शांतपणे विचारलं, "मला एक आठवत नाहीये रे. भरपाई नाकारली की पुढचं पत्र आपोआप कधी जायचं? आपण काय ठेवलं होतं?"

लीडला हे झोपेत सांगता येतं. त्यावर आम्ही महिनाभर क्लायंटशी भांडलो होतो.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "मामांनी दिलं, मी घेतलं."

मी फोन ठेवला. त्याच्या बायकोबद्दल माझ्या मनात काही नाही. घरात कोंडलेल्या माणसाला दार उघडलेलं बघून मला वाईट वाटत नाही. फक्त त्या दाराची किल्ली माझी होती.

या वसंतात पूल पुरा झाला. लोकांसाठी खुला केला त्या दिवशी नवरा आणि मी चालत गेलो. फोरमन तिथे होता. त्याने याचा हात हातात घेतला आणि मला सांगितलं की तुझ्या नवऱ्याला मी आणखी एकदा विचारलं असतं, पण आता पुढचं काम दुसऱ्या गावात आहे. नवरा हसला. मग पुलाच्या मध्यावर खाली बसून, दोन भाग जिथे जुळतात तिथे त्याने बोट फिरवून पाहिलं. चांगलं काम आहे, म्हणाला. मी त्या पुलावरून रोज स्टेशनला जाते.

आता काकांचा निरोप आलाय. मंडळाच्या कार्यक्रमाला ते काकूंसह शिकागोला येतायत आणि एका रात्री आमच्याकडे उतरायचं म्हणतायत. जुनं धरून बसू नये, आपण घरचे, असं काकूंनी फोनवर सांगितलं.

या, काका. घरचे आहात, तर परवानगी कसली मागता? मी भाकरी टाकीन, ठेचा करीन, काकूंना लागतं तसं ताक करीन. पण जेवायच्या आधी आपण चालत नदीपर्यंत जाऊ. माझ्याशी बोलू नका, माझं भांडण संपणारं नाही. पुलाच्या मध्यावर माझ्या नवऱ्यासमोर उभे राहा. त्याने तुम्हाला कधी काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. म्हणून मी विचारते, आणि उत्तर त्याला द्या. माझं पत्र बुडालंय हे कळल्यावर तुम्ही कोणाची वर्षं कोणाला दिलीत? त्याची गेली ती कोण भरून देणार? तिथे उभं राहून सांगा. तोपर्यंत ताट वाढणार नाही.